डबा बेटावर नेऊन राहिलो

‘येऊन राहिलो’ असं कुणी म्हटलं की ती घटना आजही आठवते आणि कान तापतात. साताऱ्याहून बदली होऊन अमरावती जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी रुजू झालो, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. हद्दीत धरण होतं. पावसाळ्यात पाणी चढलं की आतल्या टेकड्यांची बेटं होत.

पुण्याचं एक निवृत्त जोडपं तक्रार घेऊन आलं. जीपमागे चाकांवरचं डब्यासारखं घर जोडून दोघं हा बेटांचा मुलूख बघत फिरत होते. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. घर काठावर सोडून ते दिवसभरासाठी मोझरीला गेले. परत येऊन बघतात तर घर गायब! बाभळीला चिठ्ठी बांधलेली: ‘पाणी वाढून राहिलं. डबा बेटावर नेऊन राहिलो.’ खाली नाव नाही.

“चोरलं आणि वर त्यात राहायलाही गेला!” काका संतापले. मलाही तेच वाटलं. गुन्हा नोंदवला, चिठ्ठी जप्त करून खणात ठेवली.

सकाळी एका मासेमाऱ्याने खबर दिली. बेटाचा रस्ता पाण्याखाली गेला होता, म्हणून होडीने गेलो. डबा एका शेतकऱ्याच्या अंगणात उभा होता, वर ताडपत्री घातलेली. शेतकऱ्याला उचलून ठाण्यात आणलं.

चौकशी मी एकट्यानेच केली. “चिठ्ठीवर नाव का नाही?”

“बेटावर ट्रॅक्टर मायाच एक हाये. नाव काहून लिहू?”

मला हे उत्तर मस्तीचं वाटलं. चोर सहसा घड्याळाकडे बघत नाही. हा सारखा बघत होता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

“साहेब, मले जाऊ द्या. पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राहिले.”

“आलेत आणि राहिलेत ना? मग राहू देत. तुला कसली घाई?”

तो माझ्या तोंडाकडे बघत बसला.

दुपारी कोर्टाच्या कामावरून आमच्या हवालदार बाई परतल्या. त्या याच भागातल्या, तिवशाच्या. चिठ्ठी वाचून म्हणाल्या, “साहेब, पाणी वाढतंय, डबा उंचावर नेतोय, असं लिवलं त्यानं. राहाले नाही गेला तो. वाचवला त्यानं डबा.”

“आणि पाहुणे येऊन राहिले म्हणजे?”

“येत आहेत. कोणाकडे?”

मी टोपी उचलली आणि त्याला घेऊन निघालो. आमची होडी अर्ध्या पाण्यात होती तेव्हा पाहुण्यांची होडी समोरून परत येताना दिसली. मुलीच्या बापाला पोलिसांनी नेलं, हे त्यांना बेटावर कळलं होतं. शेतकऱ्याने बसल्या जागेवरून हात जोडले. होडीतून कुणी मान वर केली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुण्याच्या काका-काकूंनी रडत त्याची माफी मागितली. गुन्हा गैरसमजातून नोंदल्याचा अहवाल कोर्टात पाठवून मी प्रकरण बंद केलं. कागदावर ते तेवढ्यावर मिटलं.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत प्रत्येक जबाब मी ज्याचा त्याला मोठ्याने वाचून दाखवला. शब्द कळला नाही तर ‘म्हणजे काय?’ असं शिपायांसमोर विचारायला लाजलो नाही.

पाहुणे परत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वरूडला त्या मुलाच्या, होणाऱ्या नवऱ्याच्या, वडिलांकडेही गेलो होतो. त्यांच्या संत्र्याच्या बागेत उभं राहून, चूक माझी होती, मुलीचा बाप भला माणूस आहे, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, “विचार करून राहिलो, साहेब.”

या वेळी अर्थ मला बरोबर कळला. विचार अजून चालू होता. तो आजवर चालूच आहे.