येलहंक्यापलीकडचा कॅम्प आणि मगाचा कान

सुहासने फॉर्म भरून ठेवला होता, फक्त पाठवला नव्हता. आई, तू हो म्हटल्याशिवाय पाठवणार नाही, एवढं बोलून तो जेवला आणि एचएसआर लेआउटला आपल्या खोलीवर निघून गेला. फॉर्म राखीव फौजेचा होता. आपली नोकरी सांभाळायची, वर्षातून एक-दोन महिने गणवेश घालायचा आणि बोलावणं आलं तर जायचं. त्याचे वडील अठरा वर्षं त्यात होते, एरवी कारखान्यात फिटर. दोन वर्षांपूर्वी ते घरीच, झोपेत गेले.

दरवर्षी कॅम्पचे महिने मी एकटीने काढत असे. त्यामुळे ते गेल्यावर कितीतरी दिवस मला कॅम्प लांबलाय असंच वाटत होतं. त्यांच्या सवयी मी अजून पाळते. बुटांची टोकं दाराकडे, घोंगडीची चौकोनी घडी, आणि शेल्फवर त्यांचा तामचिनीचा मग, कान डावीकडे वळवलेला. एकदा विचारलं होतं तर म्हणाले, सवय आहे. मी समजले, फौजेची. धूळ झटकताना कोणी त्याचा कान फिरवला की मी सरळ करते.

हो म्हणू की नको, ते घरी बसून कळेना. त्यांच्याच तुकडीतले जाधवअण्णा अजून हवालदार आहेत. त्यांनी सुहासला निरोप दिला की शनिवारी कुटुंबांना कॅम्प बघायला देतात, वैनींना घेऊन ये.

बनशंकरीहून आम्ही पहाटेची पहिली मेट्रो धरली, मेजेस्टिकला उतरून येलहंक्याची बस. तुम्हाला जायचं असेल तर असंच जा, गाडी काढून हेब्बाळच्या गर्दीत अडकू नका. दोघांचं जाणं-येणं पाचशेच्या आत झालं. स्वेटर मात्र हवाच. येलहंक्याला उतरलो तेव्हा इतकं धुकं होतं की स्टँडसमोरचं हॉटेल वासावरून सापडलं. तिथली तट्टे इडली ताटलीएवढी, एकीत पोट भरतं. मी कॉफीचा ग्लास डाव्या हाताने घेतला तसा गल्ल्यावरचा म्हातारा टवकारून बघायला लागला. जेवायचा हात आईने मारून मारून उजवा केला, बाकी सगळं माझं डावंच राहिलं.

पुढे रिक्षा. रिक्षावाल्याला रस्ता दिसत नव्हता. दर वळणावर तो "स्वल्प मुंदे, अक्का" म्हणायचा, अजून थोडं पुढे, आणि पुढे पांढऱ्याशिवाय काही नसायचं. कुठेतरी विमानाचं इंजिन जमिनीवरच गुरगुरत होतं. मग फाटक आलं. ओळखपत्रं दाखवली, फोन जमा केले.

मैदानाच्या कडेला उभे होतो तोवर बुटांचे आवाज आले. धुक्यातून तीन रांगा निघाल्या. आधी नुसती चाल दिसली, चेहरे नाहीत. डावा खांदा किंचित पुढे, टाच आधी, मान ताठ. सुहासच्या वडिलांचीच चाल. मी त्याचा दंड धरला. ते तिघातिघांनी येत होते आणि सगळेच ते होते. रांगा जवळ आल्या तेव्हा त्यातून वीस-बावीस वर्षांची परकी पोरं निघाली.

जाधवअण्णांनी आम्हाला फिरवलं. प्रशिक्षणात काय असतं, ते जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. भरतीच्या वेळी मैलभर धाव, बीमवर पुलअप्स, नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा, मग वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रं. निवड झाली की पहिल्या वर्षी रिक्रूटचं शिक्षण. पहाटे पीटी, मग ड्रिल, हत्यार उघडून जोडणं, फायरिंग, नकाशा, प्रथमोपचार. नंतर दरवर्षी कॅम्प. किती दिवसांचा, ते तुकडीवर असतं. ऑफिसात बसणाऱ्यांनी सहा महिने आधीपासून पळायला लागावं, असं अण्णा सुहासच्या पोटाकडे बघत म्हणाले.

सुहास म्हणाला, "काका, मी रोज जिमला जातो."

"एसीतल्या जिमला. सरी, बरं. इथे ड्रिल घेणाऱ्या उस्तादला ते सांग, तो खूश होईल."

मग बॅरक. आत कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खाटा, प्रत्येकीवर चौकोनी घडीची घोंगडी, प्रत्येकीखाली दाराकडे टोकं केलेले बूट. मी दोन वर्षं जी जपत होते ती घडी तिथे तीस वेळा घातलेली होती. कपाटाच्या दारावर टॉवेल तिरका न होता टांगलेला, तोही ते घरी टांगायचे तसाच.  बाहेरून कोणीतरी खाकरलं, आधी छोटं, मग मोठं, अगदी न्हाणीघरातून त्यांचं ऐकू यायचं तसं. मी वळलेसुद्धा. दारातून एक सरदारजी गेला.

मी खाटेपासून मागे सरले. भुताची भीती नव्हती ती. माणूस गेल्यावर त्याच्या सवयी घरात राहतात, त्यावर मी दिवस काढत होते. त्या सवयी त्यांच्या नव्हत्याच, इथून दिलेल्या होत्या, सगळ्यांना सारख्या. मग माझ्या घरात दोन वर्षं कोण राहत होतं? आणि उद्या सुहास इथून येईल तेव्हा दार कोणाला उघडायचं?

जेवण लंगरमध्ये. फौजेच्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. पुऱ्या, चण्याची भाजी, शिरा. चव उत्तम, मीठ थोडं जास्त. जेवून पोरं एकदम उठली, ताटं घासली आणि आपापले चहाचे मग धुऊन एका लांब फळीवर मांडत गेली. मी जेवण सोडून बघत होते. सुहासला आता नाही म्हणायचं, मनात ठरलंच होतं. उठले, माझाही मग धुतला आणि फळीवर ठेवला.

एकच मग वेगळा दिसायला लागला. माझा. बाकी साऱ्यांचे कान उजवीकडे होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मला वाटलं, पोरं चुकलीत. शेजारचा मग मी डावीकडे वळवला, त्याच्या शेजारचाही. तिसऱ्याला हात लावला तेव्हा जाधवअण्णा मागे उभे होते. हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"वैनी, ह्या कानापायी तुमच्या माणसाने मैदानाला किती चकरा मारल्यात, ठाऊक आहे?"

मी म्हटलं, नियम डावीकडचा ना.

"नियम उजवीकडचा. दर कॅम्पला पहिले चार दिवस ह्यांचा मग उलटा. उस्ताद ओरडायचा, घरी काय उलटं शिकवतात का? तर म्हणायचे, घरी तसंच लागतं, साहेब. पळायचे आणि रात्री पुन्हा तसाच ठेवायचे. अठरा वर्षं. आम्हाला वाटायचं, माणूस जरा मंद आहे."

 माझा डावा हात अजून त्या तिसऱ्या मगाच्या कानात होता.

परतीची बस दुपारी तीनला मिळाली. धुकं कधीच गेलं होतं, आणि सकाळी जिथे काही नव्हतं तिथे घरं, दुकानं, तळं असं सगळं होतं.  घरी आल्यावर सुहासने चहा केला आणि माझ्यापुढे ठेवला. कपाचा कान डावीकडे. त्याला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. लहानपणापासून पाहत आलेला, एवढंच.

"तिथे गेल्यावर कान उजवीकडे ठेवत जा," मी म्हटलं. "नाहीतर पळवतील."

 त्याने फोन काढला आणि फॉर्म पाठवून दिला.

त्या रविवारी मी बूट कपाटात ठेवले, घोंगडी उलगडून उन्हात घातली. त्या सवयी तिथल्या होत्या. शेल्फवरचा मग मात्र दोन वर्षांनी पहिल्यांदा खाली काढला, विसळला, आणि त्यात चहा ओतून घेतला. हात न बघता कानात गेला.