सव्वाशे चौरस फूट

नव्वदच्या दशकात हौगांग उपनगराच्या बसमध्ये ते रोज माझ्या शेजारी बसत. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात फुटपट्टी. एका जपानी कंपनीत ड्राफ्ट्समन होते. नाव मी कधी विचारलं नाही, काका म्हणायचो.

कंपनी नव्या गोदामात जाणार होती. जपानी साहेब जागा त्सुबोत मोजत, जागामालक चौरस फुटांत. साहेबांना मालासाठी तीनशे त्सुबो हवे होते. एका त्सुबोचे छत्तीस चौरस फूट धरून साहेबांनी सांगितलं की, दहा हजार आठशे फुटांचं गोदाम मालानंच भरतं. पॅकिंगवाल्या बायकांच्या खोलीला जागा उरत नाही. त्या बायका जिन्यावर बसून जेवत.

काका मांडीवर वही ठेवून रोज तोच गुणाकार करत आणि उत्तराखाली फुटपट्टीनं रेघ मारत.

“काका, छत्तीस धरलं तर काय बिघडतं?” मी एकदा विचारलं.

“पस्तीस पॉइंट पाच आठ,” ते वर न बघता म्हणाले. “तीनशे त्सुबोंत सव्वाशे फुटांचा फरक पडतो. अहो, जागा आहे. कागदानं खाल्लीय.”

एका त्सुबोमागे अर्धा फूटही नाही. मी त्यासाठी भांडलो नसतो.

साहेबांनी त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा काकांनी एक त्सुबो फुटांत मोजायला टेपचं दुसरं टोक साहेबांच्याच हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते म्हणाले, “दहा बाय बारा. खोली मंजूर.”

मी अभिनंदन केलं. त्यांनी वही उघडली.

“पाच फूट अजून उरतात. चपलांचा रॅक बसतो. आज तो मागतो.”