लिलावात न उठलेली पाटी

सोमवार, गावच्या चर्चच्या फेस्तचा दुसरा दिवस. टेम्पोत हजर: मी, माझा नवरा बस्त्याव, आमची मुलगी रोशेल आणि ड्रायव्हर. गैरहजर: सासूबाई. त्या धाकट्या मुलाकडे, पेद्रूकडे राहिल्या. रोशेलचा उजवा हात कच्च्या प्लास्टरमध्ये होता. बस्त्यावच्या शर्टावर त्याच्या भावाचं रक्त होतं. दुसरा शर्ट मी वर काढून ठेवला होता, पण तो बदलायला तयार नव्हता.

रोह्याच्या रस्त्याला पेद्रूचे खलाशी उभे आहेत असं कळलं, म्हणून आगरदांड्याला टेम्पो फेरीबोटीत चढवला. फेरीत ओळखीची एक कोळीण भेटली.

"फेस्ताचं घर सोडून कुठं चाललाव गं?" मग तिला रोशेलचा हात दिसला. "कोणी मारलं पोरीला?"

"काकाने."

"सख्ख्या?"

"सख्ख्या."

"मग केस न्हाय टिकायची," ती म्हणाली आणि मासळीच्या पाटीवर फडकं ओढून बसली.

गावात राहिलेल्यांनो, आणि आमच्यासारखंच गाव सोडून पनवेलला, वसईला, कुवेतला गेलेल्यांनो, तुम्ही सगळ्यांनी हे अर्धवट ऐकलं आहे. काहींनी तर आमच्या घराला आग लागली असंही ऐकलं. आग लागली नाही. जे झालं ते क्रमाने लिहिते.

रोशेल मोबाईलवर ब्लॉग लिहिते, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच तो पुढे पाठवायचात. घरबसल्या मोबाईलवर चर्चमधली मिस्सा पाहताना मागे कुकरची शिट्टी होते, तेव्हा गुडघे टेकायचे की गॅस बंद करायचा, असलं काहीतरी ती लिहायची. आजोबा समुद्रात होकायंत्राला हात जोडायचे आणि पप्पा जीपीएसला चार्जर जोडतात, दोघांचीही देवावर तेवढीच श्रद्धा आहे, असं तिने लिहिलं तेव्हा बस्त्याव आठवडाभर ते सगळ्यांना वाचून दाखवत होता. मीही हसले. नंतर तिला सांगितलं, "घरातलं लिही, बोटीवरचं लिहू नको." तिने ऐकलं नाही.

फेस्तच्या आठवड्यात तिने बंदरावरचा एक फोटो टाकला. बोटाएवढे बांगडे, माकुलीची पिल्लं, मोठा ढीग. समुद्रात मोठे दिवे पेटवून पिल्लांसकट सगळं ओढून घेणाऱ्या मासेमारीची ती मासळी होती. खाली लिहिलं होतं: 'फेस्तला आपण पहिली पाटी देवाला देतो. ज्या माशांना वाढूच दिलं नाही, त्यांची पाटी देव कुठल्या हाताने घेईल?' नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. पण दिव्यांची बोट गावात एकच, पेद्रूची.

फेस्तच्या दिवशी मिस्सा संपल्यावर देवळाच्या अंगणात पाट्यांचा लिलाव होतो. पैसे देवळाला जातात, मान बोटीला मिळतो. पेद्रूची पाटी दरवर्षी सगळ्यांत चढ्या भावाने उठायची, आणि बोली लावायचे ते छोट्या होड्यांवाले. या वर्षी लिलाव पुकारणाऱ्याने तीनदा पुकारलं. कुणी बोली लावली नाही. बायका डोक्यावरचे पदर सारखे करत राहिल्या. पाटीवर माशा बसल्या. मी स्वयंपाकाच्या मांडवात पाव मोजत होते. अंगण एवढं गप्प का झालं म्हणून बाहेर आले, तेवढ्यात पेद्रूने ती पाटी उचलून देवळाच्या पायरीवर आपटली. फादरांच्या झग्यावर खवले उडाले.

तिथून तो सरळ आमच्या घरी आला; रोशेल घरीच होती, म्हणून मीही मागोमाग धावले. बरोबर चार खलाशी. दार उघडंच होतं, तरी लाथ मारून बिजागऱ्या उखडल्या.

"देवाच्या वाट्यात खोट काढतेस व्हय गं? मोबाईल हाय म्हणून काय बी लिवशील?"

"काका, तुमचं नाव कुठे लिहिलंय?"

"सगल्या गावानं वाचलंन, नाव कशाला लागतंय!"

त्याने तिचा मोबाईल हिसकावून धुण्याच्या दगडावर फोडला. ती तुकडे उचलायला वाकली आणि त्याने हातातला लोखंडी पाइप तिच्या पंजावर घातला. दोनदा. पहिल्या फटक्याला ती ओरडली, दुसऱ्याला नाही. खलाशांनी पेटीवरची भांडी, टीव्ही, घरातल्या वेदीची काच, जे हाताला लागलं ते फोडलं. मी एकाच्या तोंडावर चुलीवरचं डुकराच्या मटणाचं गरम सोरपोतेल ओतलं. त्याचं मला वाईट वाटत नाही.

बस्त्याव बर्फ फोडायचा टोचा घेऊन मागच्या दाराने आला आणि भावाच्या कपाळावर मारला. लाकडी मुठीने. टोक लागलं असतं तर आज मी हे लिहीत नसते, वकील शोधत असते.

"भाऊ हायस म्हणून मूठ," बस्त्याव एवढंच म्हणाला.

सासूबाई मध्ये पडल्या आणि रक्ताळलेल्या पेद्रूला मिठीत धरून बसल्या. रोशेलकडे त्यांनी पाहिलं नाही. कुणाला आधी उचलायचं हे आईला ठरवावं लागतं, हे मला समजतं. पण मी ते विसरलेली नाही.

आता माणगाव. मी कामगारांच्या एका कँटीनमध्ये सुपरवायझर आहे. शिफ्ट, इंडेंट, वेस्टेज, हे माझे नवे शब्द. काम मला जमतं. बस्त्याव एका गोडाऊनला सिक्युरिटीत आहे. भरतीच्या वेळा अजून त्याच्या अंगात आहेत, भलत्या वेळी उठून चप्पल शोधतो. रोशेलची दोन बोटं वाकत नाहीत. व्यायाम करताना ती दात आवळते. तेव्हा मी कांदा चिरत असते, आणि पेद्रूचा पंजा चौकटीत ठेवून दार आपटावं, असं मनात येतं. रोझरी म्हणतानाही येतं. फादरांना सांगितलं. ते म्हणाले, "येऊ दे, पण म्हणत राहा."

गावकीचा निरोप आला: पोस्ट काढा, काकाची माफी मागा, घरी या. रोशेल म्हणाली, "पोस्ट राहणार." मला वाटलं, विषय संपला. मग परवा जेवताना तिने नवीन पोस्ट वाचून दाखवली. तिने काकाला क्षमा केली आहे, असं तीत सरळ लिहिलं आहे.

"मग पहिली का नाही काढत?" मी विचारलं.

"क्षमा वेगळी, मासे वेगळे."

"त्याने मागितली तरी का?"

"मम्मी, येशूकडे तरी कुणी मागितली होती?"

बस्त्यावने ताटातली आमटी संपवली आणि म्हणाला, "टाक." रोशेल माझ्याकडे वळली. "तू हो म्हणालीस तरच टाकीन. घर तिघांचं मोडलं."

माणगावात माझं दार कुणी फोडणार नाही. आजारी पडले तर झाकलेलं ताट दाराशी ठेवून कुणी जाणारही नाही. गावात दोन्ही करणारी माणसं एकच आहेत, आणि मला आता घर म्हटलं की तीच आठवतात, हातात पाइप घेतलेली आणि हातात ताट घेतलेली.

आजची कामं: गॅस नोंदवला. फिजिओथेरपीची वेळ घेतली. सासूबाईंची औषधं गावाकडे जाणाऱ्या शेजारणीच्या मुलाबरोबर धाडली. रोशेलला उत्तर द्यायचं राहिलं आहे.