माणसं किती धरायची?

मामांना सगळी वस्ती ओळखते, पण घरात कोणी बोलावत नाही. बोलावतात ते घराच्या मागच्या अंगाला, आणि तेही नाकाला रुमाल लावून. नवं घर बांधलं की लोक पाहुण्यांना दिवाणखाना दाखवतात, ओटा दाखवतात, गच्चीवरून दिसणारं दृश्य तर बळेच दाखवतात. मामांनी बांधलेली मैल्याची टाकी मात्र अजून कोणी कोणाला दाखवलेली नाही. मामांना त्याचं काही वाटत नाही. वर्षानुवर्षं जिची आठवण येत नाही ती टाकी चांगली, असं त्यांचं मत आहे.

मूळचे ते गवंडी. तरुणपणी भिंती बांधायचे. पण भिंतीबद्दल जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला मत असतं. टाकीबद्दल कोणालाच नसायचं, म्हणून ते जमिनीखाली वळले आणि चाळीस वर्षं सुखात राहिले. आता तिथंही शांतता उरली नाही. लोक मोबाइलवर दोन व्हिडिओ बघतात आणि तिसऱ्या दिवशी मामांना उतार शिकवतात.

मामा कोणाच्याही दारात गेले की आधी एकच विचारतात, “घरात माणसं किती?” इतक्या सोप्या प्रश्नाला शिकलेली माणसं केवढी अडखळतात, हे त्यांच्याइतकं कोणी पाहिलं नसेल. सवलत मिळणार असली की घरातली माणसं वाढतात. टाकीसाठी खणायची वेळ आली की निम्मी होतात. एका गृहस्थांनी तर सासूबाईंना धरलंच नव्हतं. सासूबाई तेव्हा चहाचा कप घेऊन समोरच उभ्या होत्या.

गल्लीच्या टोकाच्या घरातल्या साहेबांनी मात्र अडखळायलाही वेळ घेतला नाही.

“दोन,” साहेब म्हणाले. “मी आणि ही.”

साहेब दप्तरखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर इतरांच्या नोंदी तपासल्यामुळे स्वतःच्या तोंडची नोंद तपासायची त्यांना सवय नव्हती. मागच्या दोरीवर लहान मुलींचे चार फ्रॉक वाळत होते. मामांनी फ्रॉककडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि जुन्या टाकीचं झाकण उचललं. ती गळ्यापर्यंत भरली होती.

“कधीपासून तुंबतेय?”

“दोन-तीन महिने झाले. जुनी झालीय हो.”

“इतकी वर्षं पुरली,” मामा म्हणाले, “आणि तीन महिन्यांत एकदम म्हातारी झाली?”

साहेबांनी घसा साफ केला. लेक तीन महिन्यांपूर्वी आठ दिवसांसाठी म्हणून आली होती. दोन मुली, चार पेट्या आणि शिवणयंत्र घेऊन. आठ दिवसांसाठी शिवणयंत्र कोण आणतं, हे साहेबांना कोणी विचारलं नव्हतं, कारण ते विचारायला जागाच ठेवत नसत. कोणी भेटलं की आपणच सांगायचे, “पाहुणी आलीय, निघेलच.” लेक आतून ऐकायची. आता टाकी दोघांची झाली असती तर तेच सिमेंटमध्ये पक्कं झालं असतं, आणि हे घरातल्या प्रत्येकाला कळत होतं.

एवढ्यात कुंपणावरून शेजारचे दंतवैद्य डोकावले. फुकट सल्ल्याची वेळ त्यांना बरोबर कळते.

“प्लास्टिकची तयार टाकी घ्या. पुरायची आणि विसरायची.”

दंतवैद्यांची तयार टाकी दोन वर्षांपूर्वी, खालचं पाणी वाढलं तेव्हा, रिकामी असताना अख्खीच्या अख्खी जमिनीतून वर आली होती आणि गुलाबांच्या मधोमध तरंगत बसली होती. ते ती कशी विसरले असतील, याचं मामांना खरंच कौतुक वाटलं.

“मला शोषखड्डाच हवाय,” साहेब म्हणाले. त्यांनी फाईल केली होती. फाईलला निळी दोरी होती. “टाकीतलं पाणी खड्ड्यात, खड्ड्यातलं जमिनीत. विषय संपला.”

“जमिनीला विचारून बघू,” मामा म्हणाले.

मामांची विचारायची रीत सोपी आणि इतरांना वेड लावणारी आहे. त्यांनी कोपरभर खोल खड्डा खणला, काठोकाठ पाण्याने भरला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भरला, त्यात खुणा केलेली काठी उभी केली आणि शेजारी उकिडवे बसले. साहेब दर दहा मिनिटांनी येऊन पाण्याकडे असं बघत, जणू खालच्या कारकुनाने टिपण अडवून धरलंय. दुपार झाली तरी पाणी दोन बोटंही उतरलं नाही.

“चिकट माती आहे. पाणी पिणार नाही ही. शोषखड्डा केलात तर महिन्यात भरेल, आणि उताराला तुमचीच विहीर आहे.”

“मग?”

“दोन खणांची विटांची टाकी. गाळ पहिल्यात बसेल, दुसऱ्यातून निवळलेलं पाणी निघेल. ते उथळ चरात सोडायचं. वाळू-खडीचा उंचवटा, आत भोकांचे पाइप, वर कर्दळ. विहिरीपासून लांब, दुसऱ्या अंगाला. माणशी चार पावलं लांबी.”

“म्हणजे आठ पावलं,” साहेब ताबडतोब म्हणाले. “गाडीच्या शेडमागे बसतील. रस्त्यावरून दिसणारही नाही.”

“पाच माणसं असली तर वीस. मग पुढच्या हिरवळीतून जाईल.”

स्वयंपाकघराच्या दारात साहेबांच्या बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे लेक. हातातलं कापड घडी करत लेक शांतपणे म्हणाली, “मामा, दोनच धरा. आम्ही खोली बघतोय. या महिन्यात निघू.”

“खोली बघतेस?” बाई म्हणाल्या. “कधी सांगणार होतीस?”

“सांगायचं काय त्यात? बाबा रोज सांगतातच की, निघेलच म्हणून.”

बाई नवऱ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण साहेब फाईल छातीशी धरून एक पाऊल मागे सरले. “तुम्हाला एवढी लाज वाटत असेल ना, तर आणखी एक कमी धरा. मीही हिच्याबरोबर खोलीत जाते. एका माणसाला चार पावलं. शेडच्या मागे छान झाकून राहाल.”

मामा काठीवरच्या खुणा फार बारकाईने बघू लागले. अशा वेळी काठी उपयोगी पडते.

साहेबांनी निळी दोरी सोडली, पुन्हा बांधली. लेकीकडे बघायचं त्यांना जमेना, म्हणून ते खड्ड्यातल्या पाण्याशी बोलले.

“तांत्रिकदृष्ट्या... पाच धरायला हरकत नसावी.”

“तांत्रिक माणसं टाकी भरत नाहीत, साहेब,” मामा म्हणाले. “खरी किती ते सांगा. मी दोनदा खणत नाही.”

लेकीची घडी चुकली. तिने कापड झटकून पहिल्यापासून घालायला घेतली.

“पाच,” साहेब म्हणाले. मग, नोंद अपुरी राहायला नको म्हणून, “कायमची.”

लेक आत गेली. थोड्या वेळाने आतून शिवणयंत्राचा आवाज सुरू झाला.

संध्याकाळी मामा हिरवळीवर चुन्याने आखणी करू लागले तेव्हा दंतवैद्य पुन्हा कुंपणावर हजर. “एवढी लांबलचक? दोघांना कशाला? आणि पाहुणी अजून आहेच वाटतं.”

मामांचा हात थांबला. साहेब कानापर्यंत लाल झाले. पण बोलले, आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतकं मोठ्यानं बोलले.

“पाहुणी कोण? आम्ही पाच माणसं आहोत घरात. मोजून दाखवू?”

दंतवैद्यांना एकाएकी दवाखान्यात काम आठवलं.

मामांनी आखणीच्या दोरीचं एक टोक साहेबांच्या हातात दिलं. “जरा ताणून धरा. सैल सोडलीत तर चर वाकडा जाईल.”

साहेब दोरी धरून आपल्याच हिरवळीत उलट्या पावलांनी चालू लागले, आणि वीस होईपर्यंत थांबले नाहीत.