पप्पांच्या मोबाईलवरचा माझा ठिपका

मित्रांनो, धावण्यासाठी कोणतं अ‍ॅप घ्यावं, असं मी परवा ग्रुपवर विचारलं होतं. तुम्ही तीन सुचवलीत. आज सकाळी तिन्ही एकदम चालू करून शिरगावातून निघालो.

गेल्या महिन्यात मी धावताना चक्कर येऊन पडलो होतो. तेव्हापासून पप्पा एकट्याला सोडत नव्हते. यातल्या एका अ‍ॅपमध्ये मी कुठे आहे ते घरच्यांना नकाशावर दिसतं, म्हणून कशीबशी परवानगी मिळाली.

पण तिन्ही अ‍ॅप वेगवेगळं अंतर दाखवू लागली. मला चैन पडेना. रस्त्याच्या कडेला थांबून एकेकाचं सेटिंग तपासत बसलो.

थोड्या वेळाने समोर स्कूटर थांबली. पप्पा! नाइट पँट आणि उलटा घातलेला टी-शर्ट.

"तुम्ही इथे?"

"दूध आणायला आलो."

"दूधवाला आपल्या बिल्डिंगखालीच आहे, पप्पा."

"मग? मला फिरायला बंदी आहे का?" त्यांनी डिकीतून पाण्याची बाटली काढून दिली. "तुझा तो ठिपका हलेना. थांबायचं तर फोन करायचा ना, शहाण्या! चल, बस मागे."

"धावतच येतो ना."

त्यांनी स्कूटर वळवली. मग म्हणाले, "बरं, ये. पण ते चालू ठेव."

घरी येऊन दोन अ‍ॅप काढून टाकली. पप्पांना ठिपका दाखवणारं तेवढं ठेवलं; ते अंतर सगळ्यात कमी दाखवतं. चालेल मला.

तुम्ही धावायला गेलात की घरी तुमचा ठिपका कोण बघत बसतं?