पलीकडची लाल छत्री

डेट्रॉइटला नदीकाठच्या कठड्याला एक चिनी मुलगी अगदी चिकटून उभी होती. सारखी मोबाइलवर ईमेल बघायची, मग पलीकडच्या कॅनडाकडे. बोलताना कळलं, तिच्या आईवडिलांना अमेरिकेने व्हिसा नाकारला, म्हणून ते टुरिस्ट व्हिसावर कॅनडात आले होते. तिचा कॅनडाचा व्हिसा मात्र अजून अडकलेला, आणि त्यांचं परतीचं विमान उद्याचं.

"तिकडे आईबाबांच्या हातातली लाल छत्री दिसतेय?" तिने मला विचारलं.

"हो, हलतेय."

पुढच्या आठवड्यात नागपूरला राहणाऱ्या माझ्या आईचा मुंबईत अमेरिकेच्या व्हिसासाठी इंटरव्ह्यू होता.

"तुम्हीही हात हलवा ना, प्लीज," ती म्हणाली. "मी इथे एकटी नाही, असं वाटू दे त्यांना."

मी दोन्ही हात वर केले. छत्री आणखी जोरात हलायला लागली.