आधी कडी, मग गजक

मुलाणीकाका कोणालाही दुसऱ्यांदा हाक मारत नसत. जिन्याखालून एकदा "सूनबाई" म्हणायचे आणि उभे राहायचे. मी पोळी तव्यावरून उतरवून, गॅस बंद करून बाहेर येईपर्यंत ते तसेच उभे असत, हात मागे बांधून. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारा आखडू आहे. एकदा विचारलंच.

"दुसऱ्यांदा बोललो की पहिलं बोलणं वाया गेलं," ते म्हणाले. "समोरच्याला कळतं, पहिल्या हाकेला उठायचं कारण नाही. मग तिसरी हाक, मग आरडाओरडा. तुम्ही मुलीला सकाळी किती वेळा उठवता?"

सात-आठ वेळा उठवत असे. ते खालच्या मजल्यावर ऐकू जातं हे मला तोवर माहीत नव्हतं.

काका कऱ्हाडकडचे. तीस वर्षं एका निमलष्करी दलात त्यांनी कुत्र्यांना शिकवलं. वास काढायला, माग काढायला, गप्प बसायला. बायको गेल्यावर ते मुलीकडे, शबानाकडे, दिल्लीला आले. शबाना माझ्यासारखीच मंत्रालयात नोकरीला. लक्ष्मीबाई नगरात त्यांचं क्वार्टर तळमजल्यावर, आमचं बरोबर वर. नवरा फरिदाबादच्या एका कारखान्यात, म्हणजे दिवसाचे बारा तास घराबाहेर. घरात मी, मुलगी आणि सासूबाई.

काकांची मराठी कऱ्हाडची होती, पण कामाचे शब्द हिंदी. "शाबास" हा शब्द ते फार जपून वापरत. म्हणत, "शाबासकी तिथल्या तिथं द्यायची. उशिरा दिली तर ती दुसऱ्याच कामाची होते. तुमच्या ऑफिसात वर्षाच्या शेवटी देतात ना? म्हणून कोणाला कळतच नाही कशाची दिली." मी वर्षातून एकदा सतरा जणांचे गोपनीय अहवाल लिहिते. मला हे पटलं.

त्यांची खरी ओळख झाली ती आईंच्या पडण्यामुळे. आई म्हणजे सासूबाई. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्या गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेल्या. आमचं जाळीचं दार या गॅलरीत उघडतं आणि गॅलरीच्या टोकाला जिना. तिथे माकड बसलेलं होतं. त्याने पदर धरून ओढला, आई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, थंडी संपेपर्यंत चालत्या झाल्या नाहीत तर पुढे चालणार नाहीत.

वॉकर आला, व्यायाम करून घेणारा मुलगा आला. पण माकडं आमच्या दाराची कडी खडखडवत, आणि आईंच्या डोक्यात कडी आणि माकड एक झालेलं. कडी वाजली की जिथे असतील तिथे मटकन बसायच्या. न्हाणीघराच्या वाटेवर, वॉकर धरलेला असताना. व्यायामवाला स्वतःच कडी वाजवून यायचा, त्यामुळे तो आत येईपर्यंत त्यांच्या हातापायांना घाम. मी लगेच बेल बसवून घेतली. उपयोग झाला नाही. आमच्या ब्लॉकच्या सगळ्या कड्या सरकारी, सगळ्यांचा आवाज एक. शेजारची वाजली तरी आई खाली. ऊन फक्त गॅलरीत यायचं आणि आई आतल्या खोलीत दोन शाली घेऊन कॉटवर.

मी हे शबानाला जिन्यात सांगत होते. काका ऐकत होते. त्यांनी फक्त विचारलं, "बाकी कॉलनीत माकडं मंगळवारी येतात. तुमच्याकडे शनिवारी का?"

दिल्लीत मारुतीचा वार मंगळवार. लोक केळी-चणे घालतात, माकडांना तो वार पाठ झालाय. शनिवार फक्त आपल्याकडचा. मी घरात जाऊन आईंना विचारलं. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "शनिवारी माकडाला दोन केळी द्यायचे. तू बंद कर म्हणालीस तर केलं. पण ते कडी वाजवतच राहायचं गं. मग कधीतरी अर्धी पोळी द्यायचे. जावं म्हणून. अजूनही पोरीला टाकायला सांगते."

काकांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. "रोज दिलं असतं तर बरं होतं. रोजचं बंद झालं की जनावर लवकर सोडतं. कधीतरी मिळणारं सोडत नाही. ते वाजवतच राहतं, की आज मिळेल."

दुसऱ्या दिवशी ते वर आले. आईंना म्हणाले, "आक्का, आमची एक कुत्री होती, राणी. ट्रकच्या फाळक्यात तिचं शेपूट सापडलं. त्यानंतर फाळक्याची साखळी वाजली की ती मुतायची. नोकरीतून काढणार होते. बावीस दिवसांत ट्रकवर चढवली तिला."

आईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मला कुत्री समजलात काय, मुलाणीभाऊ?"

"नाही. कुत्री लवकर शिकते."

पडल्यापासून आई पहिल्यांदा हसल्या.

पद्धत साधी होती. सकाळी आठला आईंनी खोलीत बसायचं. काका खाली स्वतःच्या दाराची कडी एकदा वाजवणार, हळू. ती वाजल्याबरोबर मी आईंच्या हातात गजकाचा तुकडा द्यायचा. थंडीत इथे मिळणारं ते तीळ-गुळाचं गजक आईंना फार आवडतं. काकांनी मला बजावलं, अर्थात एकदाच: "आधी कडी, मग गजक. उलटं केलंत तर गजकाचीच भीती बसेल." रोज चार वेळा, जास्त नाही. आई दचकल्या नाहीत की दुसऱ्या दिवशी काका एक पायरी वर. दचकल्या तर एक पायरी खाली.

मला हे प्रकरण फार सावकाश वाटत होतं. बाराव्या दिवशी काका जिन्याच्या मधल्या वळणावर पोचले होते, आणि मी कॅलेंडर बघत होते. जानेवारी लागायला आला होता. रविवारी छान ऊन पडलं. मी आईंचा हात धरला, म्हटलं, "चला, काही होत नाही, मी आहे ना." दार उघडलं. तेवढ्यात शेजारच्यांची कडी वाजली. आईंनी माझा हात झिडकारला आणि उंबऱ्यातच बसल्या. हाडाला काही झालं नाही हे नशीब. त्यानंतर गजक पुढे केलं तर तोंड फिरवू लागल्या. म्हणाल्या, "मला गावाला पोचवा."

गावाला कोणी नव्हतं. तिथलं घर बंद करूनच त्या आमच्याकडे आल्या होत्या.

मी काकांना जाऊन सांगितलं. ते रागावतील अशी अपेक्षा होती. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "तुम्ही काय शिकवलंत सांगू? सून ओढते, मग कडी वाजते. आता त्यांना दोन गोष्टींची भीती."

"मग आता?"

"आता काय, खालून सुरुवात. शिकणाऱ्याची चूक नसते, सूनबाई. आमच्याकडे कुत्रं चुकलं की शिपायाला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावायचे."

"मला किती फेऱ्या?"

"गजक तुमच्या हातून नको. यापुढे तुमच्या मुलीच्या हातून."

मला ते लागलं. पण खरं होतं. घरात, ऑफिसात, सगळीकडे माझं काम ओढण्याचं. आणि ओढल्यावर माणूस आला की मला वाटायचं, शिकला.

काकांनी पुन्हा स्वतःच्या दारापासून सुरुवात केली. अडुसष्टाव्या वर्षी, कानटोपी घालून, धुक्यात, रोज सकाळी आठला. मधल्या काळात माकडाचंही चालू होतं. आईंनी पोळी टाकायला लावायची नाही एवढंच. काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आता ते जास्त वाजवेल. जायच्या आधी सगळेच जास्त वाजवतात." दोन शनिवार त्याने जाळी हलवून सोडली. आई उशी कानावर धरून पडून राहिल्या, पण पोळी टाकायला सांगितली नाही. माकडाला घालून मिळणाऱ्या पुण्याचं काय, हा प्रश्न त्यांनी काकांनाच विचारला. काका म्हणाले, "शनिवारी मारुतीला तेल घाला आक्का. त्याच्या नातेवाइकांना जेवायला घालायचं कशाला?" चौथ्या शनिवारी माकड आलं नाही.

कॉलनीत मात्र काकांना यश आलं नाही. घरोघरी जाऊन त्यांनी सांगितलं. "अंकल, मंगलवार को तो देना ही पड़ता है," असं उत्तर घेऊन परतले. "माणसाला शिकवणं अवघड," म्हणाले. "त्याला वाटतं, आपल्याला येतंय."

जानेवारी संपता संपता एका सकाळी कडी वाजली ती आमच्या दाराची, जोरात. आईंनी माझ्या मुलीपुढे हात पसरला. दचकल्या नव्हत्या. वर म्हणाल्या, "गजक कुठंय? भाऊ आले." मग वॉकर घेऊन त्या स्वतः दारापर्यंत गेल्या. कडी त्यांनीच काढली. काका बाहेर उभे होते. त्यांनी "शाबास" म्हटलं, एकदाच, तिथल्या तिथं. आईंनी त्यांना उन्हात खुर्ची दिली आणि आत वळून मला म्हणाल्या, "चहा टाक गं." मी चहा टाकला. गॅसपाशी मला जरा वेळ लागला, तो कोणी विचारला नाही.

त्यानंतर काका रोज आठला येत, कडी वाजवत, दोघं गॅलरीत बसून कऱ्हाड-साताऱ्याच्या गोष्टी करत. थंडी संपली तेव्हा आई गॅलरीत काठीवर चालत होत्या. डॉक्टर म्हणाले, छान. त्यांना गजकाचं सांगत बसले नाही.

मे महिन्यात काका गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. शबानाने मला ऑफिसात फोन केला. मी पोचले तेव्हा आई खाली होत्या, काकांच्या उशाशी. पडल्यापासून त्या एकट्या जिना उतरल्या नव्हत्या. कोणी आणलं, असं मी शबानाला विचारलं. ती म्हणाली, कोणीच नाही.

शबाना त्याच क्वार्टरमध्ये आहे. मी मुलीला आता एकदाच उठवते. पहिल्या महिन्यात तिची दोनदा बस चुकली, पुढे नाही. ऑफिसात कोणाचं काम चांगलं झालं तर त्याच दिवशी, त्याच्या टेबलाशी जाऊन सांगते. लोक अजून दचकतात.

परवा सकाळी आठच्या सुमारास कडी वाजली. कचरा न्यायला आलेली बाई होती. मी डबा घेऊन गॅलरीत गेले, तर मागे काठी घेऊन आई दारापर्यंत आलेल्या. मला वाटलं, विसरल्या. हळू आवाजात म्हटलं, "आई, कचरेवाली आहे."

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. "पाय उठतात, त्याला मी काय करू."

आल्याच होत्या, म्हणून मग जिन्यापर्यंत जाऊन आल्या.